चढताना काढा, बसताना घाला

गेल्या वेळी या सदरात शिकारीच्या कपड्यांबद्दल मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढी पत्रं आली, की या वेळी दुसरा विषय घेतच नाही. नव्या वाचकांसाठी सांगते, रानात घालायचे कपडे दुरुस्त करणं हा माझा धंदा. चेन बदलायची, पावसाळी जॅकेटच्या शिवणीवरची उखडलेली पट्टी पुन्हा चिकटवायची, गुडघ्याला ठिगळ लावायचं. हंगाम उघडला की रीतसर परवाना काढून मी स्वतःही हरणाच्या शिकारीला जाते. कपडा कुठे दगा देतो ते मला शिलाईच्या टेबलावरही दिसतं आणि मचाणावरही. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन लपणात बसणाऱ्यांचीही पत्रं आहेत. त्यांनाही हे जसंच्या तसं लागू आहे, कारण तासन् तास न हलता बसण्याची थंडी दोघांना सारखीच लागते.

प्रश्न: पहाटे अंधारात निघून तासभर चढ चढतो आणि मग मचाणावर तीन तास बसतो. भरपूर पैसे घालून जाड जॅकेट घेतलं, तरी बसल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरते. याहून जाड घेऊ का?

जॅकेट आहे तेच ठेवा, ते घालायची वेळ बदला.

माणूस नुसता बसलेला असतो तेव्हा त्याच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. पाठीवर ओझं घेऊन चढण चढताना तीच पाच-सहा पट होते. तुम्ही जाड जॅकेट घालूनच घराबाहेर पडत असणार. चढताना त्याच्या आत घाम धरतो, आतला कपडा भिजतो, आणि तुम्ही बसलात की तो भिजलेला कपडा अंगाची ऊब ओढायला लागतो. पाण्यातून उष्णता हवेच्या जवळजवळ २५ पट सहज निघून जाते. वरून कितीही जाड घातलं तरी अंगाला ओलं चिकटलेलं असेल तर ते जाड कपडे काय करणार?

हे मी सोसून शिकले. माझा तिसराच हंगाम होता. उशीर झाला म्हणून भराभरा चढले, मचाणावर पोचले तेव्हा पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. गरम होतंय म्हणून जॅकेटची चेन उघडी टाकून तशीच बसले. पाऊण तासानं वारा सुटला. चेन लावायला गेले तर रनरची ती नखाएवढी पत्री बोटांना धरवेना. दिसत होती, पण चिमटीत येत नव्हती. दोन्ही हात काखेत धरून बसले, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा सुटली. तेवढ्यात समोरच्या झुडपातून हरीण निघालं आणि निवांत चालत गेलं. मी बंदूक उचलली नाही. ज्या हाताला चेन धरवत नाही त्या हातात बंदूक नको. तेव्हापासून माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या रानातल्या प्रत्येक जॅकेटच्या रनरला मी चार बोटं लांबीची दोरी ओवते आणि टोकाला जाड गाठ मारते, गिऱ्हाइकानं सांगितलं नसलं तरी. हातमोज्यातूनही ती धरता येते.

आता माझी रीत सांगते. निघताना अंगात फक्त आतला थर आणि त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. पहिली दहा मिनिटं थंडी वाजलीच पाहिजे. वाजली नाही तर एक कपडा काढा. उबेचे सगळे कपडे पाठपिशवीत, तेही पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. चढताना कपाळ ओलसर लागलं की टोपी काढायची, मग गळ्याची चेन, मग काखेतल्या चेन. तरीही घाम येत असेल तर चाल कमी करायची. शेवटची दोनशे पावलं तर मी मुद्दाम रेंगाळत टाकते. पोचल्यावर आधी आतला ओला कपडा काढायचा आणि कोरडा घालायचा. उघड्या अंगाला अर्धं मिनिट वारा झोंबेल, तो सोसायचा. आणि अंग अजून गरम आहे तोवरच सगळे थर चढवून घ्यायचे. थंडी वाजायला लागल्यावर जॅकेट घालणं म्हणजे निखारे विझल्यावर पांघरूण घालणं. ऊब तुमच्या अंगातूनच यायची असते, कपडा ती फक्त राखतो. पिशवी भरतानाही हाच क्रम ध्यानात ठेवा: जे आधी लागणार ते सर्वांत वर, म्हणजे कोरडा आतला कपडा वर आणि फुगीर जॅकेट त्याखाली.

आणि हो, रात्रीतली सर्वांत कडाक्याची थंडी बहुतेक सूर्य उगवायच्या सुमारास असते, मध्यरात्री नव्हे. निघताना हवा बरी वाटली म्हणून एखादा थर घरी ठेवू नका.

प्रश्न: आतून सुती बनियन घातलं तर चालतं का? लोकरीचं अंगाला टोचतं.

उन्हाळ्यात चालेल, थंडीत नको. सुती कापड घाम शोषतं ते धरूनच ठेवतं, वाळायला वेळ लावतं, आणि ओलं झालं की अंगाला चिकटतं. थंडीत जीन्स नको याचं कारणही हेच.

टोचणाऱ्या लोकरीचं म्हणाल तर दोष लोकरीचा नाही, धाग्याच्या जाडीचा आहे. लोकरीचे तंतू साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे जाड असले की त्यांची टोकं कातडीला बोचतात. मेरिनो मेंढीच्या आतल्या कपड्यांतले तंतू १७ ते १९ मायक्रॉनचे असतात, ते वाकतात, म्हणून बोचत नाहीत. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि लागोपाठ काही दिवस घातली तरी सहसा वास धरत नाही. शिकारीत हा गुण मोलाचा आहे, कारण हरणाला तुमचा वास तुमच्या आधी पोचतो. पॉलिस्टर लोकरीपेक्षा लवकर वाळतं, टिकतंही जास्त, पण दुसऱ्या दिवशी त्याचा वास येतो. लांब चालायचं असेल तर पॉलिस्टर आणि लांब बसायचं असेल तर मेरिनो, असं मी ठरवून टाकलंय. कापडाच्या वजनावर लक्ष ठेवा: दर चौरस मीटरला १५० ग्रॅमचं कापड चालण्याच्या दिवसांसाठी, २५० ग्रॅमचं कडक थंडीत बसण्यासाठी.

आणखी एक पर्याय आहे, तो पाहिल्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. जाळीचं बनियन. १९३३ मध्ये हेन्रिक ब्रून या नॉर्वेच्या लष्करी अधिकाऱ्यानं मासे धरायच्या जुन्या जाळ्यांपासून पहिलं बनियन करून घेतलं. वर दुसरा कपडा असला की जाळीच्या भोकांत हवा अडकते आणि ऊब धरते. वरची चेन उघडली की त्याच भोकांतून घामाची वाफ झटकन निघून जाते. फार घाम येणाऱ्यांनी मेरिनोच्या आत हे घालून पाहावं. पाठपिशवीच्या पट्ट्यांखाली जाळीचे वळ उठतात, म्हणून खांद्यावर साधं कापड असलेलं घ्या.

प्रश्न: मावशी, मी १९ वर्षांचा आहे. या वर्षी पहिलाच हंगाम. पैसे मोजकेच आहेत. गरमीतल्या सुरुवातीच्या आठवड्यांपासून बर्फापर्यंत सगळं भागेल असा एकच संच सांग ना.

एकच जॅकेट सगळ्या हंगामांत पुरणार नाही, बाळा, पण एकावर एक बसतील असे कपडे घेतलेस तर पाच-सहा कपड्यांत सगळं भागतं. आधी आतला थर दोन नग घे, म्हणजे एक अंगात आणि एक पिशवीत. मग पातळ फ्लीस, म्हणजे कृत्रिम धाग्याचा मऊ, लवदार सदरा. मग वारा आणि पाऊस अडवणारं बाहेरचं जॅकेट. बर्फाच्या दिवसांसाठी फुगीर जॅकेट सर्वांत शेवटी घे, तेही कोणाचं वापरलेलं मिळालं तर उत्तम. चेन बिघडलेली आहे म्हणून लोक चांगली जॅकेटं टाकून देतात. बऱ्याचदा चेन चांगलीच असते, नुसता रनर सैल झालेला असतो आणि तो बदलणं दहा मिनिटांचं काम आहे.

मापाकडे लक्ष दे. आतला थर अंगाबरोबर हवा, बाहेरचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा सैल. फुगीर जॅकेट घट्ट पावसाळी जॅकेटच्या आत कोंबलं की दबतं आणि दबलं की त्याची ऊब गेली, कारण ऊब धरते ती त्यात अडकलेली हवा. सगळे थर घालून दोन्ही हात समोर आण, बंदूक खांद्याला लावल्यासारखे. पाठीत ओढ बसली किंवा मनगट उघडं पडलं तर माप चुकलं. खांद्यावर, जिथे दस्ता टेकतो तिथे, जाड शिवण किंवा बटण असलेलं जॅकेट घेऊ नकोस.

गरमीच्या आठवड्यांत थर कमी कर, पण बाह्या लांबच ठेव. ऊन, काटे, डास आणि गोचीड सगळ्यांपासून त्या राखतात. पायजम्याची टोकं मोज्यात खोच. कपड्यांवर मारायचं पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक मिळतं, त्यानं गोचीड दूर राहतात. ते फक्त कपड्यांवर मारायचं, कातडीवर नाही, आणि घरात मांजर असेल तर कपडा पूर्ण वाळेपर्यंत तिला जवळ येऊ देऊ नकोस, ओलं पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

प्रश्न: पाण्यात भिजत नाही असं लिहिलेलं जॅकेट दोन वर्षांत आतून ओलं व्हायला लागलं. शिवाय चालताना एवढं सळसळतं, की हरणं कान टवकारतात. काय करावं?

तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी लिहिल्या आहेत, दोन्हींना वेळ देते.

आधी ओलाव्याचं. अशा जॅकेटच्या मधोमध एक पातळ पापुद्रा असतो. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रं पाडली आणि १९७६ पासून त्याचे पावसाळी कपडे बाजारात आले. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत जात नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. मात्र वाफ बाहेर जायला बाहेरचं कापड कोरडं राहावं लागतं, आणि ते कोरडं राहतं त्यावर दिलेल्या पाणी झटकणाऱ्या लेपामुळे. हा लेप धूर, मळ, तेल आणि पाठपिशवीच्या घासण्यानं निघून जातो. मग बाहेरचं कापड भिजून जड होतं, वाफ आतच कोंडते, आणि माणसाला वाटतं जॅकेट गळतंय. भिजलेले असता तुम्ही स्वतःच्या घामानं.

ओंजळभर पाणी बाहीवर टाका. थेंब मोत्यांसारखे घरंगळले तर लेप जागा आहे. कापडावर गडद डाग पसरला तर लेप गेलाय. सौम्य साबणानं धुवा, कापड मऊ करणारं द्रव्य अजिबात घालू नका, आणि लेबलवर परवानगी असेल तर वाळवणीच्या यंत्रात मंद आचेवर फिरवा. उष्णतेनं लेप बरेचदा पुन्हा जागा होतो. नाहीच झाला तर फवारायचा लेप मिळतो, तो द्या. खरोखर गळत असेल तर मी सर्वांत आधी खांद्यावरची शिवण पाहते, पट्ट्याखालची, आणि नंतर मानेमागची, जिथे केसांचं तेल लागतं. आतून लावलेली पट्टी तिथेच आधी उखडते आणि ती गरम इस्त्रीखाली नवी बसवता येते. त्यासाठी जॅकेट टाकून देऊ नका.

आता सळसळीचं. हे विकत घेतानाच ऐकायचं असतं. जॅकेट घाला, डोळे मिटा आणि बाह्या एकमेकांवर घासा. जे तुम्हाला ऐकू येतं ते हरणाला कितीतरी लांबून ऐकू जातं. तुमच्याकडे आहे त्यावर उपाय हा: सळसळणारं जॅकेट आत घाला आणि वर ढगळ फ्लीस किंवा लोकरीचा सदरा. बाहेरचा कपडा भिजेल, पण आवाज मरेल आणि तुम्ही कोरडे राहाल. आल्प्समधले शिकारी लोडन नावाचं लोकरी कापड वापरत आले आहेत. विणल्यावर ते कुटून, आटवून इतकं दाट करतात, की पाणी वरच्यावर ओघळतं आणि फांदी घासली तरी आवाज होत नाही.

सुती कापड थंडीत नको असं मी वर म्हटलं. त्याला एक अपवाद आहे, व्हेंटाइल. दुसऱ्या महायुद्धात थंडगार समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी हे ब्रिटनमध्ये तयार झालं. लांब धाग्याचा कापूस अतिशय दाट विणलेला. पाणी लागलं की धागेच फुगतात आणि विणीतल्या फटी बंद होतात. आवाज जवळजवळ नाही. भिजलं की पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि वाळायला रात्र घेतं, म्हणून दिवसभराच्या मुसळधारेत ते मी वापरत नाही. अधूनमधून पडणाऱ्या सरींसाठी मला याहून आवडतं कापड नाही.

पावसाबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. लोक उणे दहाच्या कोरड्या थंडीला घाबरतात आणि पाच-सात अंशांवरच्या रिमझिमीत बेफिकीर राहतात. पाऊस आणि वारा मिळून जास्त घात करतात. शून्य अंशाला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे सहा-सातसारखं लागतं, आणि अंग ओलं असेल तर त्याहून वाईट. सोबतचा माणूस अडखळू लागला, जीभ जड झाली, हातातल्या वस्तू पडू लागल्या, विनाकारण चिडू लागला, तर शिकार तिथेच थांबवा. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली चाललं असेल. त्याची हुडहुडी अचानक थांबली आणि तो गप्प झाला तर बरं वाटतंय असं समजू नका, ती धोक्याची खूण आहे. आडोशाला न्या, ओले कपडे उतरवा, कोरड्यात गुंडाळा, मदत बोलवा.

प्रश्न: अंग उबदार राहतं, पण पाय आणि बूड गारठतं.

बसायच्या जागी खाली काय अंथरता? जाड पँट घातली तरी बसल्यावर ती दबते आणि थंडी लाकडातून किंवा जमिनीतून थेट वर येते. फोमची चटई कापून एक तुकडा बुडाखाली आणि एक पायांखाली ठेवा. एवढ्या स्वस्तात एवढा फरक कशानंच पडत नाही.

पायांना जास्त मोजे घालून बूट घट्ट करू नका. एक पातळ मोजा, एक जाड लोकरीचा, आणि बोटं आत हलली पाहिजेत. चढून आल्यावर मोजेही बदला, पायाला घाम सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत उशिरा लक्षात येतो. हातांना बोटं वेगळी नसलेले मोजे जास्त ऊब देतात, कारण बोटं एकमेकांना तापवतात. आत पातळ हातमोजा ठेवा, म्हणजे वरचा काढला तरी बोट उघडं पडत नाही.

प्रश्न: नारिंगी अंगरखा घातला तर हरणाला आपण दिसत नाही का?

हरणाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा त्याला लख्ख दिसतो, पण नारिंगी आणि लाल त्याला झाडाझुडपांच्या मळकट रंगातच मिसळल्यासारखे दिसतात. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र नारिंगी लांबून दिसतं आणि तुमचा जीव त्यावर असतो. म्हणून निळी जीन्स सोडा, नारिंगी सोडू नका. थरांच्या बाबतीत यात एक चूक होते, तीच जिवावर बेतते. चढताना अंगरखा वर असतो, बसल्यावर त्यावर फुगीर जॅकेट चढतं आणि नारिंगी झाकलं जातं. अंगरखा एवढा मोठा घ्या की सगळ्यांत जाड जॅकेटच्या वरूनही बसेल, आणि प्रत्येक वेळी तो शेवटी घाला. किती आणि कुठे नारिंगी हवं हे त्या त्या ठिकाणच्या नियमांत असतं, ते आधी वाचा.

कपडे धुताना 'जास्त शुभ्र' करणारी पावडर टाळा. त्यातली चकाकी आणणारी रसायनं अतिनील किरणं घेऊन निळा उजेड फेकतात आणि हरणाच्या डोळ्याला निळाच सर्वांत ठळक दिसतो. बदकांची गोष्ट निराळी. पक्ष्यांच्या डोळ्यांत अशा पेशी चार प्रकारच्या असतात, त्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात. तिथे आजूबाजूच्या गवताशी रंग जुळवा, चेहरा आणि हात झाका, आणि हलू नका.

प्रश्न: हे सगळे कृत्रिम धागे नव्हते तेव्हा लोक बर्फात शिकार कशी करत होते?

आपल्यापेक्षा चांगली, असं मला वाटतं. आर्क्टिकमधले इन्युइट शिकारी बर्फातल्या श्वासाच्या भोकाशी सील वर येण्याची वाट पाहत तासन् तास न हलता उभे राहत. त्यांचा पोशाख रेनडिअरच्या जातीच्या कॅरिबूच्या कातड्याचा, दोन थरांचा: आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर. कॅरिबूच्या केसात हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून हलकं असूनही ते फार ऊब धरतं. बेतणी सैल, म्हणजे गळ्याशी मोकळं केलं की गरम हवा वरून निघून जाते. पावसासाठी आणि समुद्रावर सीलच्या आतड्यांच्या पट्ट्या शिवून केलेला अंगरखा, वजनानं अगदी हलका आणि पाणी न शिरणारा. सीलच्या कातडी बुटांच्या शिवणी तर बायका अशा घालत की सुई कातडं आरपार भोसकत नसे. एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं दुसरीला हात जोडावेत अशी ती शिवण आहे. घरात शिरण्याआधी ते कपड्यांवरचा बर्फ काठीनं झोडपून काढत, नाहीतर तो उबेत वितळून केसांत मुरला असता. नॉर्वेचा ध्रुवशोधक रोआल्ड अमुंडसेन १९०३ पासून दोन हिवाळे नेटसिलिक इन्युइट लोकांजवळ राहिला, त्यांचा पोशाख शिकला, आणि १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर जाताना त्याच धर्तीचे कातडी कपडे बरोबर घेऊन गेला.

प्रश्न: पिसांचं जॅकेट घरी धुता येतं का? हंगाम संपल्यावर ठेवायचं कसं?

येतं. पिसांसाठीचा सौम्य साबण घ्या, दोनदा खळबळून काढा आणि पिळू नका. उचलताना दोन्ही हात खालून घालून आख्खं उचला, नाहीतर ओल्या पिसांच्या वजनानं आतल्या शिवणी फाटतात. मंद आचेच्या वाळवणीत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाका, ते आपटून आपटून गोळे फोडतात. वरून कोरडं वाटलं तरी थांबू नका. उजेडासमोर धरा, आत काळसर गाठी दिसल्या की ती पिसं अजून ओली आहेत, आणखी फिरवा. पूर्ण फुगलं की हँगरला सैल टांगा. छोट्या पिशवीत कोंबून महिनोन्महिने ठेवलं तर पिसं दबून बसतात आणि पुढच्या हंगामात पूर्वीसारखी फुलत नाहीत. टांगण्याआधी सगळ्या चेन एकदा वरखाली करून बघा. अडकत असतील तर मेणबत्ती घासा, आणि रनर सैल झाला असेल तर आत्ताच बदलून घ्या. हंगामाच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे रांग असते.